मूर्तीसमोर बसल्यावर कानात काय असावं?

प्रश्न थोडक्यात असा: राहायला नेरुळ, नोकरी ऐरोलीला. शनिवारी हार्बर लोकलने सीएसएमटी गाठायचं आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्राचीन मूर्तींची रेखाटनं करायची, कानात इयरफोन. संगीत चालू असलं की दोन तास कसे गेले कळत नाही, पण घरी येऊन वही उघडावी तर मूर्तीचं डोकं मोठं, पाय आखूड. संगीत बंद ठेवलं तर प्रमाण जरा सुधारतं, पण अर्ध्या तासात कंटाळा येतो आणि मागून कोणी डोकावलं की हात आखडतो. तर संगीत ठेवावं की सोडावं? ठेवायचं तर कोणतं?

मी ठाण्यात चित्रकलेचे वर्ग घेते. वर्गातल्या मुलांना मूर्तींसमोर नेऊन बसवणं हा त्यातला माझा सर्वांत आवडता भाग, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही एका प्रश्नात दोन तक्रारी बांधून पाठवल्या आहेत. प्रमाण चुकणं ही एक आणि बसवत नाही ही दुसरी. दुसरीवर संगीत चांगलं औषध आहे. पहिलीशी त्याचा संबंध एवढाच, की मन रमलं की मोजायचं राहून जातं. डोकं मोठं आणि पाय आखूड हे संगीत न ऐकणाऱ्यांचंही होतं, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेल्यांचंही होतं. चेहऱ्यापासून सुरुवात करायची, डोळे-नाक-मुकुट मन लावून काढायचे आणि कमरेपाशी पोचल्यावर लक्षात यायचं की कागद संपत आला. उरलेल्या जागेत पाय कोंबायचे. कानात काही नसतं तेव्हा अधूनमधून शंका येते, मान वर करून आपण ताडून बघतो. कानात छान काही चालू असलं की ती शंका येतच नाही, कारण सगळं छानच चाललंय असं वाटत असतं.

म्हणून माझं उत्तर ‘कोणतं संगीत’ याहून ‘कोणत्या टप्प्यावर’ या बाजूला झुकतं. पण आधी एक अट सांगते. तुम्ही गाणं किंवा वाद्य शिकला असाल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू पडणार नाही. माझ्या वर्गात तबला शिकणारा एक मुलगा होता. मागे काहीही लावलं तरी त्याचा डावा हात मांडीवर ठेका धरायचा आणि उजव्या हातातली पेन्सिल थांबायची. ज्यांना संगीत कळतं त्यांच्यासाठी ते मागे कधी राहतच नाही, पुढे येऊन बसतं. अशांनी गॅलरीत कान मोकळेच ठेवावेत. बाकीच्यांसाठी पुढचं.

पहिली दहा-पंधरा मिनिटं कानात काहीही नको. या वेळात कागदावर फारसं काही उमटतही नाही. मूर्तीच्या भोवती फिरायचं. भिंतीला टेकवलेली असेल तर निदान दोन्ही बाजूंनी बघायचं. वजन कोणत्या पायावर आहे, खांद्यांची रेघ कुठे कलते, कमरेची कुठे कलते. त्रिभंगात, म्हणजे मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वाकलेल्या मूर्तीत, या दोन रेघा एकमेकींच्या उलट कललेल्या असतात, आणि त्या दोन तिरक्या रेघा कागदावर नीट पडल्या की अर्धी मूर्ती उभी राहिली असं समजा. समभंग, म्हणजे दोन्ही पायांवर सरळ उभ्या मूर्तीत भुवयांच्या मधून सोडलेला ओळंबा नाक आणि नाभीवरून सरळ दोन टाचांच्या मध्ये उतरतो. त्रिभंगात तो नाभीला चुकवून जातो. किती चुकवतो ते पेन्सिल उभी धरून बघायचं.

मग मोजणी. हात पूर्ण ताणायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत चेहऱ्याची उंची पकडायची आणि तेच माप खाली उतरवत न्यायचं. आपल्याकडच्या मूर्तिकारांनी याचं गणित बांधून ठेवलं आहे, त्याचा फायदा घ्या. नवताल मूर्ती म्हणजे चेहऱ्याच्या नऊपट उंचीची, एकूण १०८ अंगुळं; अंगुळ म्हणजे चेहऱ्याचा बारावा भाग. त्याची प्रचलित वाटणी अशी: केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत चेहरा १२, मान ४, गळ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत १२, तिथून नाभीपर्यंत १२, नाभीपासून जांघेपर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. मुकुट यात धरत नाहीत. ग्रंथागणिक थोडा फरक पडतो आणि प्रत्यक्ष दगडात तर पडतोच. पण नेमका तो फरकच बघायचा असतो. गणितानुसार मांडी अमुक यायला हवी आणि समोर ती आखूड दिसते, म्हणजे एक तर मूर्तिकाराने मुद्दाम तसं केलंय, किंवा ती मूर्ती उंचावर बसवण्यासाठी होती, किंवा तुम्ही फार जवळ बसला आहात. यातलं तिसरं कारण सर्वांत जास्त वेळा खरं निघतं. मूर्तीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर जा. गॅलरीत तेवढी जागा नसेल तर पूर्ण मूर्तीचा हट्ट सोडा, कमरेपर्यंतच काढा.

ही मोजणी चालू असताना आपण मनातल्या मनात बोलत असतो. चेहरा एक, छातीपर्यंत दोन, कोपर इथे, मनगट त्याच्या जरा वर. अशा वेळी कानात शब्द असले की ते याच बोलण्यावर चढतात. नको असलेलं बोलणं कानावर पडत राहिलं की क्रमाने लक्षात ठेवायच्या गोष्टी निसटतात, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत १९७०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. माझा अनुभव असा की मराठी भावगीतं याबाबतीत सर्वांत वाईट. आपल्याला ती तोंडपाठ असतात, पुढची ओळ मन आधीच म्हणून मोकळं होतं आणि कोपर कुठे ठेवायचं होतं ते विसरायला होतं.

इथे कोणीतरी ‘मोझार्ट ऐकल्याने बुद्धी तल्लख होते’ हे काढणारच, म्हणून तेही सांगून टाकते. १९९३ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध आला होता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर आकार आणि जागेसंबंधीच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले, आणि हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, एवढंच त्यात होतं. पुढच्या संशोधकांनी त्याचं श्रेय मोझार्टपेक्षा ताज्यातवान्या मनाला दिलं. लोक विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे: त्या प्रयोगात संगीत चाचणीच्या आधी ऐकवलं होतं, चाचणी चालू असताना नाही. तुमच्यासाठी यातून एक सोपी युक्ती निघते. नेरुळहून सीएसएमटीपर्यंत तास-सव्वा तास तुमच्या हातात आहे. जे मनापासून ऐकायचं ते लोकलमध्ये ऐका. फोर्टमधून चालत जातानाही ऐकत जा. संग्रहालयाच्या दारात बॅग तपासायला देताना इयरफोन काढा आणि पहिला टप्पा त्याच ताज्या मनाने करा. ठाण्याहून येणाऱ्या माझ्या मुलांना मी हेच सांगते. फास्ट लोकलमध्ये उभं राहायलाही जागा नसते, पण कान तर रिकामे असतात.

मोजणीनंतर झटपट रेखाटनं येतात, आणि इथे मात्र मी संगीत आवर्जून लावायला सांगते, तेही संथ. ऐकून लोकांना गंमत वाटते, कारण झटपट कामाला द्रुत काहीतरी हवं असा सगळ्यांचा समज असतो. करून बघा. विलंबित, म्हणजे संथ, एकतालातला बडा ख्याल लावा. बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, कूर्मगतीने चालतं, बऱ्याच ध्वनिमुद्रणांत मिनिटभर सहज घेतं. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा ताल असेल तर चौदा मात्रा आणि चाल आणखी सावकाश. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आली की पेन्सिल ठेवायची, पुढच्या समेपर्यंत पूर्ण मूर्ती, डोक्यापासून पायापर्यंत, तपशील शून्य. सम आली, थांबा. नवा कागद.

फोनवर मिनिटाचा गजर लावला तरी वेळ तोच मिळतो, पण गजर अंगावर येतो. सम येताना ऐकू येते. गवई मुखड्याकडे, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या ओळीकडे, वळला की तुम्हाला कळतं, अजून पाय राहिलेत, आणि हात आपोआप लांब रेघ मारायला लागतो. डोळ्याच्या पापण्या रंगवत बसायला सवडच मिळत नाही. तुमची ‘पाय आखूड’ ही तक्रार इथे सर्वांत लवकर सुटेल, कारण दर आवर्तनाला पायांपर्यंत पोचायचं बंधन आहे. सम ओळखता येत नसेल तर घाबरू नका. तबल्याकडे कान ठेवून दोन-चार आवर्तनं नुसतं ऐका, मुखडा परत कुठे येतो ते लक्षात यायला लागतं. ठाण्यात गडकरी रंगायतनला पंडित राम मराठे यांच्या नावाने होणाऱ्या महोत्सवात मी मागच्या रांगेत हेच करत बसते, फक्त तिथे समोर मूर्तीऐवजी गाणारी माणसं असतात.

हेच ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत चालू ठेवू नका, ते का हेही सांगते. रागाची मांडणी आणि रेखाटनाची मांडणी एकमेकींच्या उलट दिशेने जातात. मैफल आलापापासून सुरू होते, सावकाश बढत होते आणि शेवटी द्रुत, तराणा किंवा वाद्यावरचा वेगवान झाला. रेखाटन सुरुवातीला झपाट्याचं असतं आणि जसजसं पुढे जावं तसतसं मंदावतं. शेवटच्या तासात तर एखाद्या गालाच्या उतारावर पाच-पाच मिनिटं जातात. तेव्हा एकच ध्वनिमुद्रण लावून चित्रानेही त्याच्या चालीने चालावं अशी अपेक्षा केली, तर नेमकी छटा भरायच्या वेळी कानात झाला वाजत असतो आणि पेन्सिल कागद फाडेल इतकी दाबली जाते. स्वतःच्या जुन्या वह्या उलटून बघा, काळे ठोक रट्टे कुठे कुठे आलेत ते. म्हणून ध्वनिमुद्रणाचा विलंबित भाग संपला की थांबवा.

छटा भरताना कानात काय असावं यावर माझा फारसा आग्रह नाही. बासरी, सरोद, सतार, आलाप, चालेल. शब्दही चालतील, कारण आता मोजणी संपलेली आहे. आवाज मात्र इतका हळू, की शेजारच्या माणसाच्या चपलांचा आवाज ऐकू यावा. पुढे काय येणार हे माहीत असलेलं ध्वनिमुद्रण नव्यापेक्षा बरं.

छटांबद्दल मात्र आग्रह आहे, आणि तो दगडाबद्दल आहे. आपल्या मुंबई-ठाणे-रायगड पट्ट्यातल्या जुन्या मूर्ती बहुतेक बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या. नवखा माणूस दगड काळा दिसतो म्हणून सगळी मूर्ती काळी करतो आणि चित्र कोळशाच्या गोणीसारखं होऊन बसतं. दगडाचा रंग काढायचा नाही, त्यावर पडलेली सावली काढायची. डोळे किलकिले करा म्हणजे रंग विरतो आणि दोनच गट उरतात, उजेडातलं आणि सावलीतलं. उजेडातला कागद कोराच ठेवा, कितीही काळा दगड असला तरी. ऐहोळेच्या हुच्चप्पय्या मंदिराच्या छतातला ब्रह्मदेव या संग्रहालयात आहे, तो वालुकाश्मातला. तिथे सावलीच्या कडा मऊ दिसतात, पेन्सिल आडवी धरून हलक्या थरांनी जायला हवं. गांधार शैलीतले बुद्ध करड्या शिस्ट दगडातले. त्यांच्या चीवराच्या, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राच्या, चुण्या धारदार कोरलेल्या असतात, प्रत्येक चुणीला एक उजळ कड आणि तिच्या पोटात एक काळी रेघ.

त्या चुण्या मोजत बसू नका. कापड कुठे ताणलंय ते आधी शोधा. एका खांद्यावर त्याची पकड असते, तिथून चुण्या निघतात, छातीवर झोळीसारख्या वाकतात आणि दुसऱ्या हाताच्या मनगटापाशी पुन्हा गोळा होतात. सुरुवात आणि शेवट नक्की केला की मधल्या चुण्या एका श्वासात ओढता येतात. डोळ्यांचंही तसंच. अर्धोन्मीलित डोळा म्हटलं की लोक बदामाचा आकार काढून खाली अर्धी बुबुळं भरतात. जवळ जाऊन बघा: वरची पापणी पुढे आलेली एक जाड कमान आहे, तिची सावली खाली डोळ्यावर पडते, आणि ‘डोळा मिटल्यासारखा’ भाव त्या सावलीतून येतो. पापणीखालची सावली नीट पडली की बुबुळ काढायची गरजच उरत नाही. मीरपूर खासच्या स्तूपातून आलेल्या भाजक्या मातीच्या मूर्तींचे चेहरे आणखी मवाळ आहेत, तिथे तर रेघ कमीत कमी वापरा.

आता एक आडवळण. मूर्तीसमोर संगीत ऐकणं शोभतं का, असंही कोणी विचारेल. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडवायची विद्या विचारतो. ऋषी म्हणतात, त्यासाठी आधी चित्र यायला हवं. चित्रासाठी नृत्य यायला हवं, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गाणं. म्हणजे तुमच्या समोरच्या दगडाच्या तळाशी गाणं आहे असंच ते सांगतात. अर्थात ऋषींना गाणं यायला हवं होतं, ते इयरफोनमध्ये वाजत असण्याबद्दल ते काही बोललेले नाहीत! परळच्या बारादेवी मंदिरातला तो प्रचंड शिवपट कधी बघितला नसेल तर बघा, १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेला. मधल्या शिवातून वर आणि बाजूंना शिवाच्याच आकृती निघतात आणि पायांशी गण वाद्यं घेऊन बसलेत. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर इयरफोन मीही काढते.

मागून डोकावणाऱ्यांचं काय? यावर इयरफोनचा एक वेगळाच उपयोग आहे: कानात घालायचे आणि काहीच लावायचं नाही. माणसं बोलायला येत नाहीत आणि तुम्हाला मात्र सगळं ऐकू येतं. आवाज पूर्ण तोडणारे हेडफोन गॅलरीत नकोतच. रखवालदार मागून दोनदा हाक मारतो, तुम्हाला पत्ता नसतो, आणि तिसऱ्या वेळी खांद्यावर हात पडला की पेन्सिल कागदभर धावते. एक कान मोकळा ठेवा, भिंतीकडे पाठ करून बसा, निम्मे डोकावणारे तिथेच कमी होतात. उरलेल्यांत शाळेच्या सहलीतली मुलं असतात. त्यांना वही दाखवून टाका, दोन मिनिटांत पुढे जातात.

नियम जागेनुसार बदलतात, म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्या: रेखाटन चालेल का, कुठे बसता येईल, घडीचं स्टूल नेता येईल का. शाई, जलरंग आणि कोळसा सोबत नेऊच नका. एचबी, २बी, ४बी, मळून वापरायचा खोडरबर म्हणजे कचरा पडत नाही, आणि ए५ वही. मोठी वही रस्ता अडवते आणि डोकावणारेही वाढवते. रखवालदारांशी बोलून ठेवा. दुपारच्या वेळी कोणत्या कोपऱ्यात गर्दी नसते हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

संग्रहालयाचा कंटाळा आला तर घारापुरीची (एलिफंटाची) लेणी आहेत, सोमवार सोडून. तिथल्या मुख्य लेण्याला तीन बाजूंनी उजेड मिळतो आणि तो आडवा येतो. गॅलरीतले दिवे वरून पडतात, भुवईखाली काळा खड्डा करतात आणि चेहरा उगाच कठोर दिसतो. घारापुरीत सुमारे १८ फुटी सदाशिवाच्या गालांवरून तोच उजेड सरकत जातो. संगीताचं म्हणाल तर तिथे कान उघडेच ठेवा, माकडं वहीपेक्षा बॅगेकडे आधी येतात.

तुमच्यासारख्याने ट्रान्स-हार्बरने ठाणं आणि तिथून पुढे अंबरनाथही करावं. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं हे शिवमंदिर, बाहेरच्या भिंती मूर्तींनी भरलेल्या. मूर्ती झिजल्या आहेत, आणि सुरुवातीला हे फायद्याचंच, कारण अडकून बसायला तपशीलच उरलेला नाही. राहिलाय तो बांधा, कल आणि वजन. पूजेतलं मंदिर आहे, तेव्हा इयरफोन बॅगेतच बरे. सकाळी लवकर जा, तिरपं ऊन असेपर्यंत बाहेरच्या एकाच कोपऱ्यावर काम करा. ऊन डोक्यावर आलं की सावल्या आखडतात आणि भिंत सपाट दिसायला लागते, मग वही मिटून निघालात तरी चालेल.